रिकामी भिंत ते अमूर्त म्युरल: कल्पना कुठून आणायची आणि भिंतीवर कशी उतरवायची

अमूर्त म्युरल, म्हणजे ओळखीची वस्तू नसलेलं भित्तिचित्र, करायचं ठरलं की बहुतेक जण आधी पिंटरेस्ट उघडतात, तिथून दहा-बारा फोटो सेव्ह करतात आणि मग थेट रंगाच्या दुकानात जातात. हे सगळं करा हवं तर, पण नंतर. पहिल्यांदा भिंतीकडे जा. मी भिंती रंगवते, त्यातही अमूर्तच जास्त, आणि मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "हे सुचतं कसं?", कारण लोकांना वाटतं की झाड नाही, माणूस नाही, देऊळ नाही म्हणजे मनाला येईल ते फासायचं. तसं फासलेलं ओळखू येतं बघा, थोड्याच दिवसांत त्या भिंतीकडे कुणी मान वळवून बघत नाही. चित्रात ओळखीची वस्तू नसली की बघणाऱ्याला धरून ठेवायला फक्त आकार, रंग, मधली मोकळी जागा आणि लय एवढंच उरतं, त्यामुळे ते आकार खरोखर कुठून तरी आलेले असावे लागतात, एखादी गोष्ट तुम्ही भरपूर वेळ आणि नीट बघितलेली असावी लागते. म्हणून इथे रंग लावण्याइतकंच बघण्याबद्दल लिहिलंय. उदाहरणाला एक मध्यम भिंत धरूया, शाळेच्या पटांगणाकडची किंवा सोसायटीच्या पार्किंगसमोरची, २० फूट रुंद आणि १० फूट उंच.

आधी भिंतीशी ओळख

सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला, तिन्ही वेळेला जाऊन बघा आणि दरवेळी एकाच जागी उभं राहून मोबाइलवर फोटो काढा. ऊन कुठून येतं, पाण्याचा पाइप कुठून उतरतो, मीटरचा बॉक्स कुठंय, कुठल्या झाडाची सावली भिंतीवर हलते, हे सगळं त्या फोटोंत येऊ द्या. वर छज्जा असेल तर त्याच्या सावलीचा वेगळा विचार करा कारण ती वर्षभर सारखी नसते. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात मेच्या मध्यावर आणि परत जुलैच्या शेवटाकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे चांगला कललेला असतो, म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीवर छज्जाची दुपारची सावली उन्हाळ्यात पार खालपर्यंत येते आणि थंडीत आखडून वरच राहते. ही सावली म्हणजे तुमच्या चित्रातला फुकटचा एक गडद पट्टा आहे, तो गृहीत धरूनच आकार बसवा. उत्तरेकडच्या भिंतीला थंडीत थेट ऊन मिळतच नाही, तिथं शेवाळ लवकर धरतं, मग खालच्या भागात पांढरा किंवा फिका पिवळा रंग घेण्याचा हट्ट कशाला करायचा.

मग माणसं बघा. लोक या भिंतीजवळून चालत जातात, स्कूटरवरून जातात की तिथं उभं राहून कुणाची तरी वाट बघतात? गाडीवरून जाणाऱ्याला अर्ध्या इंचाच्या रेघा जाणवतही नाहीत, त्याला मोठे आकार आणि दोन रंगांमधला ठसठशीत फरक लागतो. शाळेची भिंत असेल तर पोरं अगदी नाक लावून उभी राहणार, बोटानं रेघ गिरवत जाणार, त्यामुळे खालच्या तीन-चार फुटांत बारीक काम करा आणि वर मोकळं सोडा. मला स्वतःला ही खालची पट्टी करायला सगळ्यात जास्त आवडते.

बघून झालं की भिंत ठोका. बोटाच्या पेरानं ठकठक करत जा, पोकळ आवाज आला तिथलं प्लास्टर सुटलेलं असतं, ते गवंड्याकडून काढून नवीन भरून घ्यावंच लागतं, त्याच्यावर कितीही भारी रंग लावला तरी तो पोपड्यासकट खाली येणार. कुठं मिठासारखी पांढरी पावडर फुटलेली दिसली तर आतून ओल आहे असं समजा. खात्री करायची असेल तर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले की भिंत अजून तयार नाही. नवं प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस तरी जाऊ द्या, सिमेंटमधला अल्कलीचा, म्हणजे क्षारांचा, जोर कमी व्हायला वेळ लागतो आणि तो असताना रंग लावला की चट्टे पडतात, रंग उडतो.

परवानगी तोंडी घेऊ नका. सोसायटीची असेल तर कमिटीचं पत्र, शाळेची असेल तर मुख्याध्यापकांचं, सरकारी असेल तर त्या त्या खात्याचं, पण लेखीच घ्या, आणि त्यात भिंतीचं माप आणि किती वर्षं ती पुसायची नाही हेही लिहून घ्या. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी कागद हातात असलेला बरा.

कल्पना कुठून येते

गायतोंडेंचं नाव घेतल्याशिवाय मला या विषयावर बोलता येत नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४ नागपूरचा, घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातलं. ते स्वतःच्या चित्रांना अमूर्त म्हणायलाही तयार नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याच वस्तूवरून न आलेली, म्हणत. रोलर आणि पॅलेट नाइफनं, म्हणजे रंगाच्या चपट्या सुरीनं, ते रंगाचे थर चढवायचे, काढायचे, परत चढवायचे, आणि वर्षाला त्यांची जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची, बाकीचा वेळ बसणं, बघणं, थांबणं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये २०१४ साली त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यांच्याकडून भिंतीसाठी उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे थर. एकाच रंगाचा सपाट पट्टा आणि तीन पातळ थरांतून वर आलेला तोच रंग यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि रोलर तर आपल्या हातात असतोच.

दुसरे चित्रकार प्रभाकर बरवे. अलिबागजवळच्या नागावला जन्मलेले, काही काळ बनारसच्या विणकर सेवा केंद्रात काम केलेले. मुंबईच्या एनजीएमएमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, २०१९ ला त्यांचं प्रदर्शन झालं तेव्हा त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या. घड्याळ, पान, डबी असल्या साध्या वस्तूंकडे बघत बघत माणूस कुठल्या कुठे जाऊ शकतो हे त्यांच्या कामात दिसतं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की एक वही करा, फोनमधली नाही, कागदाची, आणि त्यात चित्रं काढायच्या आधी शब्द लिहा. फोटो काढला की आपण बघणं थांबवतो, लिहायला बसलं की मात्र "निळं होतं" एवढ्यावर भागत नाही, कसलं निळं, कुठपर्यंत निळं, कडेला काय होत होतं, असे प्रश्न आपोआप पडत जातात.

वहीत काय लिहायचं? तुमच्या आसपास काय आहे त्यावर ते ठरेल. कोकणात असाल तर जांभ्याच्या चिऱ्यांच्या खाणी बघा, कापत कापत खाली गेलेल्या त्या लाल पायऱ्या म्हणजे तयार रचना आहे, करवतीच्या रेघांसकट. देशावर असाल तर आजीची गोधडी उलटी करून बघा, वरच्या बाजूला ठिगळांचे रंग असतात आणि खालच्या बाजूला नुसती धावदोऱ्याच्या टाक्याची ओळ न ओळ, आणि मला विचाराल तर खालची बाजूच जास्त शिकवते. एसटी डेपोतल्या पत्र्यावरचा गंज, पावसाळ्यानंतर भिंतीवर उरलेले शेवाळाचे नकाशे, भाजी मंडईतली निळी ताडपत्री आणि तिच्यातून खाली आलेला निळसर उजेड, हे सगळं चालतं. एकाच म्युरलमध्ये सगळं कोंबू नका फक्त. एक भिंत, एक गोष्ट.

मी इथं मिठागरं घेते, कारण ती मला पाठ आहेत. पश्चिम रेल्वेवर भाईंदर-नायगावच्या बाजूला किंवा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून भांडुप-कांजूरच्या बाजूला ज्यांनी ये-जा केलीय त्यांनी ती बघितलेली असणार, निदान डोळ्यांसमोरून तरी गेली असणार. लांबून ती चौकटींची जाळी वाटते. जवळ गेलं की कळतं की एकही रेघ सरळ नाही, बांध चिखलाचे आणि हातानं घातलेले, कुठं फुगलेले, कुठं खचलेले, आणि तरीसुद्धा सगळं मिळून एकदम शिस्तीत. भरतीचं पाणी आत घेतात, मग ते एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडत जातात, उन्हानं ते आटत आटत दाट होत जातं आणि शेवटच्या कप्प्यांत मीठ धरतं. त्यामुळे कप्प्यांचे रंगसुद्धा क्रमानं बदलतात, सुरुवातीला गढूळ तपकिरी, मग हिरवट, मग दुधट राखाडी. आकाश एकच असतं पण प्रत्येक कप्प्याची खोली वेगळी म्हणून त्याचं प्रतिबिंबही वेगळं. आणि मीठ धरायला लागलं की पांढरी साय कडेकडेनं दिसायला लागते, बांधाला चिकटून, मधलं पाणी अजून काळपटच असतं. ही कडेची पांढरी रेघ मला फार आवडते.

आता यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं इथं अमूर्ताचं खरं काम सुरू होतं. मिठाचे ढीग सोडले, कारण त्रिकोण दिसला की लगेच डोंगर वाटतो. पक्षी सोडले, माणसं सोडली, क्षितिज तर पहिल्यांदा सोडलं, कारण आडवी एक रेघ वर आली की डोळा त्याचं निसर्गचित्र करून टाकतो. ठेवलं काय, तर वाकडी जाळी, डावीकडून उजवीकडे पाणी दाट होत जाण्याचा क्रम, आणि कडेची पांढरी रेघ. बस, तीनच गोष्टी. या तिन्हींवर २० फुटांची भिंत आरामात उभी राहते.

वहीतून रचनेपर्यंत

भिंत २० बाय १० म्हणजे दोनास एक. वहीच्या पानावर चार सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटरचे चौकोन आखा, पान भरून आखा, आणि प्रत्येकात नुसत्या पेन्सिलनं रचना करा, रंग अजिबात नाही. एवढ्या छोट्या जागेत बारकावे मावतच नाहीत त्यामुळे नाइलाजानं मोठ्या आकारांचा विचार करावा लागतो, आणि तेच हवंय. पहिले सात-आठ सगळ्यांचे सारखेच येतात, मधोमध काहीतरी, दोन्ही बाजू सारख्या, तिथं थांबू नका. पुढे पुढे हात मोकळा होतो. मग वही उलटी धरून बघा, जी रचना उलटी धरूनही तोल सांभाळते ती बाजूला काढा. अशा दोन-तीन निघाल्या की त्यांचं कच्चं चित्र एक इंचाला एक फूट या मापानं मोठ्या कागदावर काढा, म्हणजे २० इंच बाय १० इंच. त्यात पाइप, मीटरचा बॉक्स, छज्जाची सावली, सगळं मापानं दाखवा. मीटरच्या बॉक्सला लपवायला जाऊ नका, त्याच्या कडेचीच रेघ पुढे वाढवून जाळीतला एक कप्पा करा.

इथं वारली चित्रांकडून एक धडा घेण्यासारखा आहे. ती चित्रं अमूर्त नाहीत, त्यांत माणसं आहेत, लग्नाचा चौक आहे, पण गेरूची जमीन, म्हणजे मागचा सपाट रंग, आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा एवढ्या दोनच रंगांवर अख्खी भिंत उभी करायची ताकद त्यांत आहे. जिव्या सोमा म्हशे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं शोधून बघा, सगळी जागा एका जाळ्यानं व्यापलेली आणि तरी श्वास घ्यायला जागा आहे. म्हणून रंग ठरवताना हात आखडता घ्या. माझा नियम पांढरा सोडून पाच रंगांचा आहे, त्यातला एक जमिनीचा, तीन मधले आणि एक अगदी थोडासाच वापरायचा झणझणीत. मिठागराच्या भिंतीला मी जमिनीला गरम राखाडी घेईन, मग मातकट तपकिरी, शेवाळी हिरवा, दुधट निळा, आणि पांढऱ्याच्या शेजारी चिमूटभर गेरू.

रंग निवडताना ते उन्हात किती टिकतात हे दुकानदाराला विचाराच. गेरू, पिवळी माती, काळा, तपकिरी, हे लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग उन्हालाही दाद देत नाहीत आणि सिमेंटलाही. चमकदार गुलाबी, फ्लोरोसंट पिवळा-केशरी हे पश्चिमेच्या भिंतीवर पटकन उतरतात, घ्यायचेच असतील तर सावलीतल्या भागात घ्या. कच्चं चित्र रंगवून झालं की मोबाइलवर त्याचा फोटो काढून काळा-पांढरा करा. रंग वेगवेगळे असूनही फोटोत सगळं एकाच राखाडीत मिसळून गेलं तर रस्त्यावरून काही दिसणार नाही, गडद-फिक्याचा फरक वाढवा. ही एवढी एक गोष्ट केली तरी अर्ध्या भिंती सुधारतील असं मला मनापासून वाटतं.

भिंत तयार करताना

सगळ्यात चांगला काळ म्हणजे दिवाळी ते होळी. पावसाळा संपल्यावर भिंत सुकायला वेळ द्या आणि एप्रिल-मेच्या तापलेल्या भिंतीवर काम टाळा, रोलर पुढे जायच्या आत मागचा रंग वाळतो आणि पट्ट्यांचे जोड दिसतात. जमलं तर पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर रंगवा.

शेवाळ असेल तर तारेच्या ब्रशनं घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन, परत साध्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळू द्या. जुना चुना असेल तर तो खरवडून काढावाच लागतो, चुन्यावर इमल्शन लावलं की साल निघाल्यासारखं सगळं निघतं. जुना ऑइल पेंट खरवडायचा असेल तर मास्क लावा आणि पॉलिश पेपर ओला करून घासा, कारण आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, त्याआधीच्या रंगांत शिसं कितीतरी जास्त असू शकतं आणि ती धूळ विशेषतः लहान मुलांना वाईट. शाळेत काम करताना तर हे कटाक्षानं पाळा.

भेगा भरल्या, घासून झालं, की बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक कोट. त्याच्यावर बाहेरच्यासाठीचं अॅक्रिलिक इमल्शन, जमिनीच्या रंगाचे दोन कोट. डिस्टेंपर बाहेर वापरू नका, पावसात धुऊन जाईल. किती रंग लागेल याचा साधा हिशोब असा, एका लिटरमध्ये दोन कोटचे साधारण ५० ते ६० चौरस फूट होतात, आपली भिंत २०० चौरस फूट, म्हणजे जमिनीला चार लिटर, मधल्या रंगांचे एकेक लिटर आणि झणझणीत रंगाचा सगळ्यात छोटा डबा. सँडफेस, म्हणजे वाळूचा खरखरीत, प्लास्टर असेल तर जास्त पितं, लिटरभर वाढवा.

अजिंठ्याच्या लेण्यांत काय केलंय ते आठवा, खडबडीत दगडावर आधी मातीचा गिलावा, त्यात तूस आणि झाडपाल्याचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. आधीचे हे थर दिसत नाहीत, पण वरचं चित्र त्यांच्याच जिवावर टिकून असतं. भिंतीच्या तयारीत एक सबंध दिवस जादा गेला तर जाऊ द्या.

चित्र भिंतीवर नेताना

आमच्या मिठागराच्या जाळीसाठी मी आधी खरी सरळ जाळी आखते आणि मग ती हातानं बिघडवते. गवंड्याचा ओळंबा सोडून उभी रेघ, पाणसळीनं आडवी रेघ, मग खडूची पूड लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून मधे उचलून सोडली की टप्पकन रेघ उमटते, एक-एक फुटाचे चौकोन आखून घ्या. कच्च्या चित्रावरही एक-एक इंचाचे चौकोन आखा आणि चौकोनामागून चौकोन बघत आकार उतरवत जा. दुसरी पद्धत, भिंतीवर खडूनं वेडेवाकडे आकडे, अक्षरं, फुल्या काढून ठेवायच्या, त्याचा समोरून फोटो घ्यायचा आणि फोनमधल्या चित्र काढायच्या अॅपमध्ये आपलं कच्चं चित्र त्याच्यावर अर्धपारदर्शक करून ठेवायचं, मग "हा बांध सातच्या पोटातून जातोय" असं बघून काढत जाता येतं. मोठ्या भिंतीवर ही फार वेगवान पडते. रात्री प्रोजेक्टर लावूनही होतं पण त्याला समोर तेवढी मोकळी जागा आणि अंधार पाहिजे.

लांब, सैल वळणांसाठी इलेक्ट्रिशियनकडची पीव्हीसी केसिंगची पट्टी घ्या, ती दोघांनी दोन टोकांना धरून हवी तेवढी वाकवायची आणि तिसऱ्यानं तिच्या कडेनं पेन्सिल फिरवायची. नुसत्या हातानं काढलेलं सहा फुटी वळण मनगटापाशी अडखळतं, पट्टीचं अडखळत नाही. पण बांधांचा तो फुगीर-खचका वाकडेपणा मात्र हातानंच काढायचा, लांब काठीला खडू बांधून, दोन पावलं मागं उभं राहून, म्हणजे हालचाल खांद्यातून येते.

मदतीला माणसं असतील तर सूचना कागदावर लिहून द्या. अमेरिकन कलाकार सोल लेविटनं हेच तर केलं, १९६८ साली न्यूयॉर्कच्या पॉला कूपर गॅलरीत पहिलं वॉल ड्रॉइंग, आणि पुढे तो फक्त सूचना लिहायचा, रेघा दुसरेच कुणीतरी ओढायचे. तो गेल्यानंतर २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मॅस मोका म्युझियमात त्याची १०५ वॉल ड्रॉइंग्ज अशीच इतरांच्या हातांनी उभी राहिली. आपल्या भिंतीवर सूचना अशी असू शकते: "प्रत्येक कप्प्याच्या आतल्या कडेनं पांढरी रेघ ओढ, जाडी तुझ्या अंगठ्याएवढी, जिथं बांध खचलाय तिथं रेघ तोड." शाळेतली पोरं हे सुंदर करतात, प्रत्येकाचा अंगठा वेगळा, त्यामुळे रेघाही वेगवेगळ्या, आणि भिंतीला जो जिवंतपणा येतो तो एकट्यानं कितीही प्रयत्न करून आणता येत नाही.

रंग लावताना

प्रत्येक रंग लागेल तेवढा एकदमच कालवून घ्या. स्टेनरच्या, म्हणजे छटा आणायला मिसळायच्या दाट रंगाच्या, बाटलीतून अंदाजानं थेंब टाकू नका, इंजेक्शनची सिरिंज घ्या आणि किती मिली टाकलं ते डब्याच्या झाकणावर लिहा, संपला तर परत तोच रंग करता येईल. स्टेनर फार ओतला तर रंग नीट वाळत नाही, चिकट राहतो, त्यामुळे खूप गडद छटा हवी असेल तर दुकानातून मशीनवरच करून आणा. ओला रंग वाळल्यावर थोडा गडद दिसतो, तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यात हातभर पट्टे मारून, वाळवून, सकाळ-संध्याकाळ बघून मगच नक्की करा.

मोठे आकार आधी, फिक्याकडून गडदाकडे, वरून खाली. पहिला हात पूर्ण झाकणारा द्या, मग त्याच रंगात पाणी आणि थोडं पारदर्शक अॅक्रिलिक मिसळून पातळ दुसरा हात, आणि तो ओला असतानाच सुती फडक्यानं काही ठिकाणी टिपून घ्या. खालचा रंग श्वास घेतल्यासारखा वर येतो. दुधट निळ्याच्या कप्प्यांना मी तीन पातळ हात देते आणि प्रत्येक हात वेगळ्या दिशेनं फिरवते, मग उजेड बदलला की तो कप्पाही बदलल्यासारखा दिसतो. नुसतं पाणी घालून फार पातळ करू नका, पकड जाते.

धारदार कड हवी तिथं मास्किंग टेप, पण आपल्याकडच्या खरखरीत भिंतीवर टेपखालून रंग झिरपतोच. उपाय सोपा आहे, टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी जमिनीचाच रंग एकदा फिरवा, जे काही झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपेल आणि फट बंद होईल, तो वाळला की मग नवा रंग, आणि टेप काढताना रंग अर्धवट ओला असतानाच तिरकी ओढून काढा.

दर तासाभरानं खाली उतरा आणि रस्त्यापलीकडे जाऊन डोळे बारीक करून बघा. परांचीवर उभं असताना फक्त हातभर भिंत दिसते आणि तिथं सगळंच अपुरं वाटतं, मग आपण भरत जातो, भरत जातो. अमूर्तामध्ये थांबायचं कधी हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे आणि माझी खूण अशी की पलीकडून बघताना डोळा कुठं अडकत नाही, फिरत राहतो आणि परत पहिल्या जागेवर येतो, तेव्हा ब्रश खाली ठेवायचा. कच्च्या चित्रात असलेली एखादी गोष्ट राहिली असेल तर राहू दे. उलट भिंतीनं काही सुचवलं तर घ्या, जुन्या भेगेची रेघ भरूनही जरा दिसत असेल तर तिचाच एक बांध होऊ शकतो.

परांचीबद्दल थोडक्यात: दहा फुटांपर्यंत घोडा (चार पायांचा उंच स्टँड) आणि फळी पुरते, त्याच्या वर बांबूची परांची ज्याचा तो रोजचा धंदा आहे त्याच्याकडूनच बांधून घ्या, पट्टा लावा, हेल्मेट घाला, आणि विजेच्या तारा जवळ असतील तर काम सुरूच करू नका.

"हे काय काढलंय?"

हा प्रश्न येणारच, पहिल्या दिवसापासून येणार, आणि तो अगदी रास्त प्रश्न आहे. लोकांच्या रोजच्या वाटेवर तुम्ही काहीतरी करताय. "अमूर्त आहे" असं सांगून विषय संपवू नका. "काका, तुम्हाला काय वाटतंय?" असं विचारा आणि खाली उतरून ऐका. कुणाला शेताचे वाफे दिसतात, कुणाला गच्चीवरून दिसणारी पत्र्यांची छपरं, एका आजींनी पापड वाळत घातलेत म्हटलं होतं आणि ते मिठागराच्या इतकं जवळ होतं की मला खूप आनंद झाला, कारण आटणं, वाळणं, ऊन, सगळं त्यांना न सांगता पोचलं होतं. मग तुम्ही काय बघून हे केलंत तेही सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. मिठागरात राबलेल्या आगरी घरातलं कुणी भेटलं तर तुम्हाला माहीत नसलेल्या चार गोष्टी कळतील, त्या वहीत लिहा, पुढच्या भिंतीला लागतात. भिंतीबरोबर बारा महिने राहणारी ही माणसं आहेत, त्यांना चित्र आपलं वाटलं तर त्याच्यावर पोस्टर चिकटत नाही, पानाची पिचकारी पडत नाही.

काम झाल्यावर

रंग पूर्ण पक्का व्हायला आठवडाभर द्या, मग वरून बाहेरचा पारदर्शक अॅक्रिलिक कोट, शक्यतो मॅट, चकाकी असली की दुपारच्या उन्हात चित्र दिसतच नाही. जुनी चुन्या-मातीची भिंत असेल तर हा कोट टाळा, आतली ओल बाहेर पडायला वाट राहिली पाहिजे. खालच्या फूटभर पट्टीवर पावसाचं पाणी उडून चिखल बसतो, तिथं आधीच मातकट तपकिरी घेतला असेल तर पुसण्याची कटकट निम्मी होते. उरलेले रंग काचेच्या छोट्या बरण्यांत काठोकाठ भरून, घट्ट झाकून, वर रंगाचं नाव, स्टेनरचं माप, तारीख आणि भिंतीवरची जागा लिहून सोसायटीच्या किंवा शाळेच्या ऑफिसमध्ये ठेवायला द्या, एक संच स्वतःकडे. पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, एकदा जाऊन बघा, कुठं फुगा आला असेल तर तो तेव्हाच फोडून, खरवडून, प्रायमर लावून त्याच बरणीतल्या रंगानं भरून टाका, पुढच्या वर्षावर ढकलू नका.